वहीतला ८१ आणि शोरूममधला २३

पत्र :

काका, सप्रेम नमस्कार. मी बार्शी तालुक्यातला, वय ३१. पतसंस्थेत नोकरी करतो. गाव ते बार्शी येऊन-जाऊन ३८ किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस.

आमच्या गोठ्याशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये वडिलांची डिझेल बुलेट उभी आहे, १९९३ सालची. वडील जाऊन दोन वर्षं झाली. त्याआधी चार वर्षं ती बंदच होती. आरसीची मुदतही संपली आहे. ते डिझेलचा हिशेब वहीत लिहायचे. त्यात लिटरला कुठे ८१ आहे, कुठे ७६, आणि एका पानावर ‘पंढरपूर, जोडीने, वारं समोरून, ६२’ असं लिहिलंय. माझी शंभर सीसीची पेट्रोल गाडी ६५ देते. मग ती बुलेट चालू करून रोज वापरली तर स्वस्त पडेल ना? थोरला भाऊ म्हणतो, भंगारात घाल. भंगारवाला येऊन बघूनही गेला. आणि इतकं अ‍ॅव्हरेज देणाऱ्या डिझेलच्या मोटारसायकली कंपनीने बंद तरी का केल्या?

दुसरं म्हणजे घरात चारचाकी घ्यायची आहे. एकाच मॉडेलची डिझेल गाडी पेट्रोलपेक्षा दीड लाखाने महाग पडते. शोरूमवाला पेट्रोल १७ आणि डिझेल २३ सांगतो. मेहुणे म्हणतात, डोळे झाकून डिझेल घ्या. आमच्याकडे लिटरचा दर पेट्रोल १०५ आणि डिझेल ९१ धरा. रनिंग वर्षाला फार तर आठ हजार. महिन्यातून एकदा लातूर, वर्षातून दोन-तीनदा पुणे, बाकी शेत, बाजार, दवाखाना अशा सहा-सात किलोमीटरच्या फेऱ्या. काय करू?

– एक वाचक, बार्शी तालुका

उत्तर :

प्रिय मित्रा,

काका म्हणालास म्हणून अरे-तुरे करतो.

‘वारं समोरून’ हा वडिलांचा शेरा मी तीनदा वाचला. तीस वर्षं मी डिझेल इंजिनांचे पंप आणि नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी, दुरुस्त करत आलो. अ‍ॅव्हरेज पडलं म्हणून तक्रार घेऊन येणारे शेकड्यांनी भेटले, पण वाऱ्याची नोंद ठेवणारा एकही भेटला नाही. तुझ्या बऱ्याचशा प्रश्नांचं उत्तर त्या दोन शब्दांत आहे, म्हणून तिथूनच निघू.

शेडमधली गाडी म्हणजे एनफील्डची टॉरस. चेन्नईजवळच्या तिरुवोट्टियूरच्या कारखान्यातली. सांगाडा बुलेटचाच, गिअर उजव्या पायाला, आणि पेट्रोलच्या जागी ३२५ सीसीचं, एका सिलिंडरचं ग्रीव्हज-लोंबार्डिनी डिझेल इंजिन. ताकद साडेसहा अश्वशक्ती, वजन दोनशे किलोला चार कमी. सपाट रस्त्यावर एकटा माणूस बसला तरी ६५ च्या पुढे काटा जाणं मुश्कील. आता शंभर सीसीची पेट्रोल गाडी बघ. स्प्लेंडरचं उदाहरण घेऊ, कारण ती दर तिसऱ्या घरासमोर उभी दिसते. ९७ सीसी, आठेक अश्वशक्ती, वजन ११२ किलो. वजन निम्म्याहून थोडं जास्त आणि ताकद टॉरसपेक्षा अधिक.

मग त्या जड, मंद गाडीने ८१ दिलं कसं? थोडं इंजिनामुळे, आणि बरंचसं वडिलांच्या मनगटामुळे. टॉरस पळतच नाही. ती चाळीस-पंचेचाळीसला समाधानाने चालते, पन्नासच्या वर हँडलपासून पायाच्या रेस्टपर्यंत सगळं थरथरतं, म्हणून माणूस आपोआप वेग उतरवतो. मोटारसायकलवर बसलेला माणूस हवेच्या दृष्टीने उघड्या दारासारखा असतो. चाळीसचा वेग साठ केलास, म्हणजे दीडपट, की हवेचा विरोध सव्वादोनपट होतो. समोरून वारं असेल तर तू चाळीसने जात असलास तरी अंगावर साठची हवा येते. वहीतला ८१ चा ६२ झाला त्यात मागे बसलेल्या आईच्या वजनाचा वाटा आहेच, पण मला विचारशील तर वाऱ्याचा जास्त आहे. वडिलांनी दोन्ही लिहून ठेवलं, हे फार चांगलं केलं.

तू एक कर. एक टाकीभर तुझी पेट्रोल गाडी चाळीस-पंचेचाळीसच्या वर नेऊ नकोस. पासष्टची पंचाहत्तर झाली तर आश्चर्य वाटून घेऊ नकोस. वडिलांच्या गाडीशी तुलना करायची तर त्या आकड्याशी कर, आजच्या ६५ शी नको.

आता रुपयांत बोलू. तुझं महिन्याचं रनिंग ९५० किलोमीटर. पेट्रोल गाडीला ६५ ने साडेचौदा लिटरच्या वर लागतं, १०५ च्या दराने सुमारे १,५३५ रुपये. डिझेल बुलेट आज नीट करून घेतलीस आणि तिने ७० दिलं, तर साडेतेरा लिटर, ९१ च्या दराने सुमारे १,२३५. महिन्याला तीनशे रुपये वाचतील. वडिलांसारखं ८० काढलंस तर साडेचारशे. हा फायदा खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण सहा वर्षं बंद पडलेल्या गाडीचा पंप उघडायचा, नोझल टेस्टवर लावायचं, टायर, ट्यूब, ब्रेक-लायनर, केबल, बॅटरी बदलायची, मग आरटीओत नेऊन तपासणी, हरित कर, नूतनीकरणाची फी, विमा, पीयूसी. जुन्या गाड्यांच्या नूतनीकरणाची फी अलीकडे बरीच वाढली आहे, आधी कार्यालयात जाऊन नेमका आकडा विचार. हा सगळा खर्च तीनशे-तीनशे करून फिटायला किती वर्षं लागतील, ते तूच पतसंस्थेतल्या कॅल्क्युलेटरवर काढ.

आणि मला पैशापेक्षा दुसरी काळजी आहे. तुझ्या वडिलांनी ती गाडी घेतली तेव्हाची वाहतूक आणि आजची वाहतूक यांत फरक आहे. उसाच्या ट्रॉल्या, मागून येणारे टिपर, आणि त्यात साडेसहा अश्वशक्तीवर ओव्हरटेक करायचं. दोनशे किलोची गाडी आणि तिचे जुने ड्रम ब्रेक. रोज पहाट-संध्याकाळ ३८ किलोमीटर त्या गाडीवर तू जावंस असं मला मनापासून वाटत नाही. रोजच्या नोकरीसाठी तुझी शंभर सीसीचीच ठेव.

कंपनीने ती बंद का केली, तेही यातूनच कळेल. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की तिच्याच उष्णतेने डिझेल पेटलं पाहिजे. पेट्रोल इंजिन हवा नऊ-दहा-अकरापट दाबतं, डिझेल सोळा-अठरापट. तो दाब सोसायला ब्लॉक, हेड, क्रँक, सगळं जाड ओतावं लागतं. ट्रकला त्या वजनाचं काही वाटत नाही, मोटारसायकलचं कंबरडं मोडतं. सिलिंडर जितका लहान, तितकी भिंतीतून उष्णता निसटते, म्हणून छोट्या इंजिनात डिझेलचा गुणही मोठ्या इंजिनाइतका उतरत नाही. पुढे धुराचे नियम कडक होत गेले. २००० सालच्या सुमारास नवे निकष लागू झाले, आणि टॉरससारख्या साध्या पंपाच्या इंजिनाला ते पाळणं परवडणारं नव्हतं. आज २०२० पासूनच्या बीएस-६ नियमांत एका सिलिंडरची डिझेल मोटारसायकल बसवायची तर कॉमन रेल (खूप दाबाने डिझेल फवारणारी यंत्रणा), सेन्सर, सायलेन्सरमधले फिल्टर असं सगळं लावावं लागेल, आणि गाडीपेक्षा त्याचीच किंमत जास्त होईल. एवढं करून मिळणार काय? सत्तर-ऐंशी. ते शंभर सीसीचं पेट्रोल इंजिन जवळपास देतंच.

जगात डिझेलच्या मोटारसायकली झाल्या, पण कारणं वेगळी होती. अमेरिकेच्या मरीन दलासाठी कावासाकीच्या ६५० सीसी गाडीत डिझेल इंजिन बसवून घेतलं गेलं. त्यांना रणगाडा, ट्रक, जनरेटर आणि मोटारसायकल या सगळ्यांना एकच इंधन हवं होतं, म्हणजे युद्धभूमीवर पेट्रोलचा वेगळा टँकर न्यायला नको. अ‍ॅव्हरेज हा त्यांचा मुख्य प्रश्नच नव्हता.

एक उदाहरण तुझ्या वडिलांना नक्की आवडलं असतं. २००२ साली जर्मनीत फोक्सवॅगनने एक प्रायोगिक गाडी केली. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख फर्डिनांड पिएख ती स्वतः चालवत वोल्फ्सबुर्गहून हॅम्बुर्गला गेले. इंजिन एका सिलिंडरचं डिझेल, तीनशे सीसीला एक कमी, साडेआठ अश्वशक्ती. म्हणजे तुमच्या टॉरसच्या जातकुळीतलंच, नव्या शिक्षणाचं. शंभर किलोमीटरला ०.८९ लिटर लागलं. आपल्या भाषेत लिटरला ११२. चारचाकी असून! टॉरसपेक्षा तिचं वजन जास्त होतं, २९० किलो. फरक होता तो आकाराचा. दोन माणसं एकामागे एक बसायची, अंग माशासारखं निमुळतं, वर काचेचं झाकण. वारं तिच्या अंगावरून घसरून जायचं. मोटारसायकलवर आपण ते वारं छातीवर घेतो. इंजिन डिझेलचं की पेट्रोलचं हा प्रश्न त्यापुढे लहान होतो.

आता चारचाकीकडे येऊ. इथे मात्र डिझेलचं पारडं खरोखर जड असतं, पण लोक समजतात तितकं नाही. आपण गाड्यांची तुलना लिटरने करतो आणि लिटर हे इथे खोटं माप आहे. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास, एक लिटर डिझेलचं ८३० ग्रॅमच्या आसपास. किलोमागे उष्णता दोघांत जवळपास सारखीच. म्हणजे डिझेलच्या लिटरमध्ये मुळातच दहा-बारा टक्के जास्त माल भरलेला असतो. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. आपल्याच भागातल्या साखर कारखान्यांना त्याचा आधार झाला, ते चांगलंच आहे, पण इथेनॉलमध्ये लिटरमागे उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. त्यामुळे मिश्र पेट्रोलचा लिटर सहा-सात टक्क्यांनी आणखी हलका पडतो. शोरूमवाला १७ आणि २३ म्हणतो त्या सहाच्या फरकातला निम्म्याच्या आसपासचा भाग असा केवळ लिटरचा आहे. धुराचंही तसंच. एक लिटर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, डिझेलचा सुमारे २.६५ किलो.

उरलेला भाग मात्र इंजिनाचा, आणि तो मान्य केलाच पाहिजे. एक तर वर सांगितलेला जास्त दाब, त्यामुळे तेवढ्याच उष्णतेतून जास्त काम निघतं. दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. पेट्रोल इंजिनात वेग कमी ठेवायचा तर हवेची वाट झडपेने अडवावी लागते. अर्धं नाक दाबून श्वास घ्यावा तसं इंजिन कण्हत हवा ओढतं, आणि त्या ओढण्यातच ताकद वाया जाते. डिझेलला हवा मोकळी, फक्त डिझेल किती फवारायचं तेवढं कमी-जास्त होतं. म्हणून बाजारातून रांगत जाताना, कमी भारावर, डिझेलचा फायदा सर्वांत जास्त असतो. हायवेवर शंभरने पळवलीस की दोघांतला फरक कमी होत जातो.

शोरूमचा २३ हा आकडा खोटा नाही, पण तो तुझ्या रस्त्याचा नाही. गाडी रोलरवर उभी करून, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे सुमारे वीस मिनिटं चालवतात. वेग नव्वदच्या पुढे जात नाही आणि एसी बंद असतो. पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या, गाड्या तपासणाऱ्या एआरएआय या संस्थेचं नाव त्या आकड्याला लोकांनी असं चिकटवलंय की ‘एआरएआयचं अ‍ॅव्हरेज’ हाच शब्द झाला. दोन गाड्या एकमेकींशी ताडायला तो आकडा उत्तम आहे, घरखर्च काढायला नाही. तुझ्यासाठी मी पेट्रोल १४ आणि डिझेल १९ धरतो.

पेट्रोलचा किलोमीटर पडला साडेसात रुपयांना. डिझेलचा चार रुपये ऐंशी पैशांना. फरक दोन रुपये सत्तर पैसे. दीड लाख जास्त देऊन घेतलेल्या गाडीचे ते दीड लाख वसूल व्हायला सुमारे ५५ हजार किलोमीटर चालवावी लागेल. तुझं रनिंग आठ हजार. म्हणजे सात वर्षं फक्त बरोबरीत येण्यासाठी! त्या दीड लाखाचं व्याज मी धरलेलं नाही. तू पतसंस्थेत आहेस, ते तू धर. डिझेलला महाराष्ट्रात वाहन करही दोन टक्के जास्त लागतो. तो तुझ्या दीड लाखात आलाय का, हे ऑन-रोड किमतीचा कागद हातात घेऊन बघ. सर्व्हिसिंगलाही डिझेल थोडं महाग.

मेहुण्यांना दोष देऊ नकोस. ते ज्या काळातलं बोलतात त्या काळात ते बरोबर होते. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांच्या वर गेलं होतं आणि डिझेल ४१ च्या खाली होतं. तेव्हा डिझेलवर चालायला पेट्रोलच्या चाळीस टक्के खर्च यायचा, आज चौसष्ट टक्के येतो. त्या वर्षांत डिझेल गाडीसाठी महिनोन् महिने वाट बघणारी माणसं मी पाहिली आहेत. पुण्याजवळ रांजणगावला बनणारं फियाटचं १.३ लिटरचं इंजिन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत बसायचं, आणि ते खरोखर गुणी इंजिन होतं. मग ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर मोकळे झाले, २०२० मध्ये बीएस-६ आलं. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्याच थांबवल्या. छोट्या गाडीला धुराचा सगळा सरंजाम लावून ती विकणं परवडेना.

तो सरंजाम हेच तुला पेट्रोल घे म्हणण्याचं माझं खरं कारण आहे, पैशांपेक्षाही. नव्या डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. काजळी साठली की गाडी तो स्वतः तापवून, सहाशे अंशांच्या आसपास नेऊन, जाळून टाकते. त्यासाठी इंजिन नीट तापलेलं हवं आणि पंधरा-वीस मिनिटं न थांबता, बऱ्या वेगाने चालायला हवं. तुझ्या फेऱ्या सहा-सात किलोमीटरच्या. इंजिन तापतं न तापतं तोवर घर येतं. काजळी जळायला सुरुवात होते आणि तू चावी काढतोस. असं महिनाभर झालं की डॅशबोर्डवर दिवा लागतो. मग फिल्टर साफ करण्याची बिलं. अर्धवट जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं ते वेगळंच. महिन्यातून एक लातूर फेरी त्याला पुरेल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. काही गाड्यांना धूर स्वच्छ करण्यासाठी युरियाचं पाणीही भरत राहावं लागतं.

काही गॅरेजवाले तो फिल्टर कापून पोकळ नळी बसवून देतात. तू ते कधीही करू नकोस. बेकायदा तर आहेच, पण ती काजळी काय असते ते माझ्या फुप्फुसांना माहीत आहे. नोझल टेस्ट करताना उडणारा फवारा आणि गॅरेजमधला काळा धूर यांत माझं तारुण्य गेलं. गाडीच्या मागे शाळेला जाणारी पोरं असतात.

वर्षाला वीस हजारांच्या वर रनिंग असतं, रोज बार्शी-सोलापूर असतं, तर याच कागदावर मी तुला डिझेल घे म्हणालो असतो, कारण तीन वर्षांत पैसे वसूल. मेहुण्यांचं रनिंग तेवढं असेल तर त्यांनी खुशाल घ्यावी. तुझ्यासाठी पेट्रोल.

गाडी आली की शोरूमचा आकडा विसर आणि वडिलांसारखी वही घाल. पद्धत सोपी आहे. एकाच पंपावर, शक्यतो एकाच नळीला, टाकी भरायची आणि नोझल पहिल्यांदा आपोआप कट झालं की थांबायचं. पंपावरचा पोरगा ‘राउंड फिगर करू का’ म्हणेल, तर नको म्हण. ट्रिप मीटर शून्य कर. पुढच्या वेळी तसंच भर आणि किलोमीटरला लिटरने भाग. एका टाकीवर विश्वास ठेवू नकोस, तीन टाक्यांची सरासरी काढ. डॅशबोर्डवर दिसणारं अ‍ॅव्हरेज बहुतेकदा थोडं फुगवलेलं असतं. आणि सीएनजीची गाडी मनात आली तर लक्षात ठेव, तिथे लिटर नाही, किलो. बजाजने जुलै २०२४ मध्ये पुण्यात सीएनजीची मोटारसायकल आणली, कंपनी किलोला १०२ सांगते. तुझ्या रोजच्या ३८ किलोमीटरसाठी पुढेमागे गाडी बदलायची झाली तर तिचा विचार करायला हरकत नाही, फक्त रस्त्यावर पंप आहे का आणि रांग किती असते, ते आधी बघ.

आता शेडमधली गाडी. भंगारात घालू नकोस. थोरल्या भावाला सांग, जागा अडते एवढंच ना, मग तिला घरात घेऊ. वजनावर विकली तर मिळणारे पैसे दोन महिन्यांत खर्च होतील, आणि ती गाडी परत मिळणार नाही. टॉरस आता रस्त्यावर क्वचितच दिसते. तू रोज चालवू नयेस असं मी म्हणालो, चालूच करू नयेस असं नाही. आरसी जिवंत करून घे, आणि सणावाराला, सकाळच्या रिकाम्या रस्त्यावर, गावच्या शिवारापर्यंत जा. इंजिनाचं काम बार्शीत अवघड नाही. तीनचाकी टेम्पो-रिक्षांची ग्रीव्हज इंजिनं उघडणारा एखादा जुना मिस्त्री शोध. त्याचा हात या इंजिनावर लगेच बसेल.

पण एकदम किक मारू नकोस. सहा वर्षं झाली आहेत. आधी टाकीतलं जुनं डिझेल पूर्ण काढ. तळाशी पाणी आणि चिकट गाळ असणार. टाकी धुऊन वाळव, डिझेल फिल्टर नवा घाल. शेतावरच्या कॅनमधलं डिझेल वापरू नकोस, पंपावरून ताजं आण. इंजिनाच्या पंपाचा प्लंजर, म्हणजे आतला दट्ट्या, डिझेलच्याच वंगणावर चालतो, पाण्याचा एक थेंबसुद्धा त्याला ओरखडा पाडतो. एके काळी रेशनचं निळं रॉकेल मिसळून चार पैसे वाचवणारे लोक माझ्याकडे रडकुंडीला येऊन पंप बदलून न्यायचे, ते याच कारणाने. मग नोझल काढून वरून चमचाभर इंजिन ऑइल सिलिंडरमध्ये सोड आणि रात्रभर राहू दे, म्हणजे चिकटलेल्या रिंगा सुटतील. इंजिन ऑइल बदल. दुसऱ्या दिवशी नोझल बाहेरच ठेवून, डिकॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारा, लिव्हर उचलून, हळूहळू किक फिरव. मोकळी फिरली की नोझल बसव, पाइपचे नट ढिले करून एअर काढ. बुडबुडे थांबून निव्वळ डिझेल येईपर्यंत. मग नट आवळ, लिव्हर उचल, किक खाली जाताना लिव्हर सोड.

पहिल्या वेळी निळसर-पांढरा धूर येईल, घाबरू नकोस, आतलं ऑइल जळतंय. दहा मिनिटांहून जास्त चालवू नकोस. बंद करून थंड झाल्यावर ऑइलची काडी बघ. ऑइल पातळ लागलं आणि पातळी वर चढलेली दिसली तर डिझेल खाली उतरतंय. मग पुन्हा चालू करायचं नाही, आणि मला पत्र लिही. सोबत वडिलांच्या वहीच्या दोन-चार पानांची झेरॉक्स पाठवलीस तर फार आनंद होईल. त्यांनी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) कितीवर ठेवले, ऑइल कधी बदललं, हे त्यांनी कुठेतरी नक्की लिहिलं असणार.

तुझा,
काका